सॉफ्टवेअर मुक्त, पण किल्ल्या कोणाकडे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: कळवा, दिघा आणि तुर्भे स्टोअर अशा तीन ठिकाणी तुमच्या अभ्यासिका चालतात. साधारण साडेतीनशे मुलं, अकरा कार्यकर्त्या, सहाशेच्या आसपास देणगीदार. सगळ्या नोंदी एक्सेलच्या फाइलींत आणि वह्यांत. आता सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा) निधी देणाऱ्या कंपनीने ‘एमआयएस’ (कामाचे आकडे नियमित दाखवणारी माहिती-व्यवस्था) मागितलंय. एका विक्रेत्याने तीन लाख ऐंशी हजारांचं कोटेशन दिलंय, वर दरवर्षी एएमसी (देखभालीचे पैसे) वेगळी. आणि दर शनिवारी शिकवायला येणारा एक इंजिनिअर मुलगा म्हणतोय, एवढे पैसे कशाला, ओपन सोर्स ईआरपी (सगळा कारभार एकत्र सांभाळणारं, ज्याची मूळ रचना सगळ्यांना खुली असते असं सॉफ्टवेअर) फुकट आहे, दोन आठवड्यांत बसवून देतो. कोणाचं ऐकायचं?

या वर्षी दोघांचंही नको.

ठाणे-नवी मुंबईतल्या संस्थांची ही कामं मी वीसेक वर्षं करतेय आणि बहुतेक वेळा ओपन सोर्सची, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचीच बाजू घेते. तरी त्या मुलाला थांबवा म्हणते, कारण हाच उद्योग मी स्वतः करून बसलेय. २०१२ च्या सुमारास नवी मुंबईतल्या एका संस्थेला मी सिव्हीसीआरएम बसवून दिलं. देणगीदार, सभासद, कार्यक्रम यांच्या नोंदी ठेवण्यासाठी खास संस्थांसाठीच बनलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर, २००५ पासूनचं. आम्ही तिघं चार रविवार बसलो, अकराशे देणगीदार भरले, विश्वस्तांनी पेढे वाटले. दीड वर्ष उत्तम चाललं. मग सर्व्हरचं, म्हणजे ज्या भाड्याच्या संगणकावर हे चालायचं त्याचं, बघणारा आमच्यातला मुलगा शिकायला परदेशी गेला. डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) त्याच्या खाजगी ईमेलवर नोंदवलेलं होतं. नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या मेलबॉक्समध्ये पडून राहिली, डोमेन सुटलं, पाठोपाठ सर्व्हरचं भाडं थकलं आणि एका सोमवारी ऑफिसातल्या ताईंनी मला फोन केला, ‘अहो, पान उघडत नाहीये.’ सात महिन्यांपूर्वीची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर निघाली म्हणून निभावलं. मधल्या सात महिन्यांच्या देणग्या पावतीपुस्तकावरून पुन्हा भरल्या. कागदी पावतीपुस्तकाला मी तेव्हापासून नावं ठेवत नाही. यात दोष सिव्हीसीआरएमचा नव्हता, त्या मुलाचाही नव्हता. बसवण्याचा उत्साह आम्हाला होता, सांभाळणार कोण हे कोणीच ठरवलं नव्हतं.

मुक्त आणि फुकट हे आपल्या भाषेत मुळातच दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीतल्या ‘फ्री’सारखी एकाच शब्दात गल्लत होत नाही. तरी संस्थांच्या बैठकीत ‘मुक्त’ म्हटलं की सगळ्यांना ‘फुकट’च ऐकू येतं. वाचनालयांसाठी जगभर वापरलं जाणारं ‘कोहा’ घ्या. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या एका छोट्या ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल ओलांडणार नव्हती. त्यांनी एका स्थानिक कंपनीला पैसे देऊन नवी लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये चालू केली आणि ती सगळ्यांना खुली करून टाकली. कोहा या माओरी शब्दाचा अर्थच भेट. म्हणजे लिहिण्याचे पैसे कोणीतरी मोजलेच होते. तुम्हाला मोजावे लागणार ते सर्व्हरचे, बसवण्याचे, शिकवण्याचे आणि बिघडल्यावर धावून येणाऱ्याचे. मग मुक्त असण्याचा फायदा काय? उद्या विक्रेत्याशी पटलं नाही तर तेच सॉफ्टवेअर, त्यातल्या नोंदींसकट, उचलून दुसऱ्याकडे जाता येतं. संस्थेच्या दृष्टीने खरी किंमत याला आहे. (जाता जाता: तुमच्या अभ्यासिकेतल्या बाराशे पुस्तकांसाठी कोहा लावू नका. एक तक्ता आणि पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक, एवढं पुरे.)

आता मूळ दुखण्याकडे येते. तुम्ही पाठवलेल्या नमुना फाइलीत मला तीन प्रकारचं मराठी दिसलं. २०१५ पर्यंतची मुलांची यादी श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहे, नंतरची युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या मराठीत), आणि तुर्भ्याची रोमन लिपीत, प्रत्येकीच्या स्पेलिंगने. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट काढला की कचरा उरतो. त्यावर शोध चालत नाही, अकारविल्हे लावता येत नाही आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ते जसंच्या तसं भरता येत नाही. विक्रेत्याच्या कोटेशनात ‘डेटा मायग्रेशन’ अशी एक ओळ आहे ना, तिथे त्याला विचारा की श्रीलिपीची यादी युनिकोडमध्ये कोण आणणार. बहुधा उत्तर येईल, ‘तुम्ही स्वच्छ एक्सेल द्या.’ म्हणजे निम्मं काम तुमचंच. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार यांत ती हमखास चुकतात. प्रत्येक नाव माणसाने वाचावं लागतं. साडेतीनशे मुलांना दोन दुपारी लागतील, सहाशे देणगीदारांना तीन.

युनिकोडमध्ये आल्यावरही एक खोच आहे, ती सॉफ्टवेअरवाल्यांनाही सहसा माहीत नसते. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टंकलं जातं. एका कळफलकावर त्यात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं. दुसऱ्यावर साधा ‘र’, पाय मोडल्याची खूण आणि तिच्यामागे डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखीच. संगणकाला ती दोन वेगळी कुटुंबं वाटतात. ‘ॲ’चंही तेच: हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं, त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडत आणि काही कळफलक अजूनही तसंच करतात. एका संस्थेत शिष्यवृत्तीच्या यादीत एकच मुलगी दोनदा आली आणि दोनदा पैसे निघाले, तेव्हा चूक सापडायला मला अख्खा दिवस लागला होता. म्हणून नावावरून कधीच जुळणी करायची नाही. प्रत्येक मुलाला, प्रत्येक देणगीदाराला एक क्रमांक द्या आणि तो आयुष्यभर बदलू नका. दिघ्यातलं मूल कळव्याला राहायला गेलं तरी क्रमांक तोच. क्रमांकात केंद्राचं नाव किंवा इयत्ता कोंबायचा मोह होतो, तोही टाळा, कारण दोन्ही बदलतात.

हे सगळं लिबरऑफिसमध्ये करा. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळं झालेलं, द डॉक्युमेंट फाउंडेशनकडे असलेलं, वर्ड-एक्सेलसारखं हे मुक्त सॉफ्टवेअर. मेनूसुद्धा मराठीत लावता येतात. माझ्या दृष्टीने त्याचा मोठा गुण मात्र क्षुल्लक वाटणारा आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा तक्ता) उघडताना ते आधी विचारतं की अक्षरांची पद्धत कोणती. तिथे यूटीएफ-८ (युनिकोडची नेहमीची पद्धत) निवडलं की मराठी नीट दिसतं. तीच फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा टिचकी मारून उघडली की पुष्कळदा नावांच्या जागी विचित्र चिन्हांची रांग येते, कोणीतरी घाबरून ती तशीच सेव्ह करतं आणि मूळ नावं कायमची जातात.

कंपनीला हवं असलेलं एमआयएस म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं: महिन्याला किती मुलं आली, किती गळली, वाचन-गणित कुठे पोहोचलं, आणि हे तुम्हाला कशावरून कळलं. याला ईआरपी लागत नाही. वस्तीत बसून नोंद करायचं साधन लागतं. त्यासाठी कोबोटूलबॉक्स पाहा. फोनवर माहिती गोळा करायचं ओपन डेटा किट, म्हणजे ओडीके, २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालं. हार्वर्डच्या मानवतावादी उपक्रमातून आलेलं कोबो त्याच पायावर उभं आहे. फॉर्म चक्क एक्सेलच्या तक्त्यात लिहिता येतो: एका पानावर प्रश्न, दुसऱ्यावर पर्याय, मराठीसाठी एक वेगळा रकाना. साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं आणि नेटवर्क नसलं तरी नोंद फोनमध्ये राहते, नेट आलं की चढते. येऊरच्या पाड्यांवर आणि शहापूरच्या आतल्या भागात मी हे वापरलंय. सकाळी भरलेले फॉर्म संध्याकाळी खाली उतरल्यावर चढवायचे, असा आमचा रिवाजच होता.

इथे तंत्रापेक्षा सवयींनीच जास्त त्रास दिला. कार्यकर्त्यांचे फोन सुप्रभातच्या चित्रांनी भरलेले असतात, ॲप बसायलाच जागा नसते. सर्वेक्षणाच्या आदल्या दिवशी ‘फोन रिकामा करा’ हा स्वतंत्र कार्यक्रम ठेवा, हसू नका. दुसरं, फॉर्म लहान ठेवा. एका संस्थेने निधी देणाऱ्यांच्या आग्रहाने बासष्ट प्रश्नांचा फॉर्म केला. तिसऱ्या घरापासून सगळ्या उत्तरांत ‘नाही’च येऊ लागलं, कारण ‘हो’ म्हटलं की आणखी चार उपप्रश्न उघडत होते! कार्यकर्त्यांना मी दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. बारा-पंधरा प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढे ‘या उत्तराचं आपण काय करणार’ हे लिहिता आलं तरच तो ठेवायचा.

कोबो एकदाच्या पाहणीला उत्तम. त्याच मुलाकडे महिन्या-महिन्याने परत जाऊन नोंद करायची असेल तर मात्र ते अपुरं पडायला लागतं. तेव्हा ‘अवनी’ पाहा. समन्वय फाउंडेशनने बनवलेलं, खुलं आणि भारतातल्या संस्थांच्या कामातून घडलेलं. त्यात व्यक्तीची नोंद हाच पाया असतो आणि पुढच्या भेटी तिच्याखाली लागत जातात. पण आधी सहा महिने कोबोवर काढा. आपल्याला नेमकं काय मोजायचंय हे त्या सहा महिन्यांत कळतं. त्यानंतर विक्रेत्यासमोर बसलात तर तुमच्या मागण्या तुमच्याच असतील, त्याच्या माहितीपत्रकातल्या नसतील.

पालकांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवायचेत असं लिहिलंय. त्यासाठी ‘ग्लिफिक’ आहे, संस्थांना तंत्रज्ञानात मदत करणाऱ्या प्रोजेक्ट टेकफॉरडेव्हचं. त्यामागचे डोनाल्ड लोबो हे सिव्हीसीआरएमच्या संस्थापकांपैकीच एक, म्हणून संस्थांची नस ओळखून बनवलंय. पण पुन्हा तेच: सॉफ्टवेअर खुलं असलं तरी व्यवसायखात्यावरून पाठवलेल्या ठरावीक नमुन्याच्या निरोपांचे पैसे व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा घेते. तीन केंद्रांना सध्या तीन साधे गट पुरेसे आहेत.

देणगीदार आणि हिशेब यांत घाई करू नका. तुमचे सीए टॅलीवर काम करतात, हिशेबनीस काकांना टॅली येते, तर टॅली राहू द्या. ती मुक्त नाही हे मला माहीत आहे. तत्त्वासाठी चांगला चालणारा हिशेब मोडायचा नसतो. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारी अनुसूची आठ आणि नऊ (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च), आयुक्तांकडच्या वर्गणीची नऊ-सी, ही १९५० च्या आपल्या विश्वस्त कायद्याखालची पत्रकं बाहेरच्या देशात बनलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला ठाऊक नसतात. ती शिकवायचे पैसे तुमच्याकडूनच जातात.

बदल करायचाच तर देणगीच्या नोंदवहीत करा. ८०जीच्या (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणाऱ्या) देणग्यांचं १०बीडी विवरण २०२१-२२ पासून भरावं लागतं आणि त्यावरून पोर्टलवर निघणारं १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावं लागतं. त्यामुळे ‘आमचं सॉफ्टवेअर ८०जीची पावती छापतं’ हे विक्रेत्याचं वाक्य अर्धवट आहे. छापील पावतीने देणगीदाराची वजावट होत नाही, पोर्टलवर नोंद लागते. त्या विवरणात जे रकाने आहेत तेच तुमच्या तक्त्यात पहिल्या दिवसापासून ठेवा: पॅन किंवा अन्य ओळख क्रमांक, नाव, पत्ता, देणगी कायम निधीसाठी की विशिष्ट कामासाठी की इतर, रोख की बँकेतून की वस्तुरूपात, आणि रक्कम. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला पात्र नसते, तेही पावती फाडतानाच सांगा, नंतर मार्चमध्ये रुसवेफुगवे नकोत. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो, तेव्हा फॉर्मचा क्रमांक आणि तारीख सीएकडून पक्की करून घ्या. रकाने जपलेले असले की क्रमांक बदलल्याने काही अडत नाही. परदेशी देणगी तुम्ही घेत नाही, त्यामुळे एफसीआरएचं प्रकरण सोडून देते.

तो मुलगा ज्या ईआरपीबद्दल बोलतोय ते बहुधा ईआरपीनेक्स्ट असावं. उत्तम सॉफ्टवेअर आहे, आणि आपल्या मुंबईतच फ्रॅपे कंपनीने घडवलंय. पण ते शोभतं ते जिथे खरेदी आहे, भांडार आहे, तीस-चाळीस जणांचा पगार आहे, एकाच वेळी पाच-सहा प्रकल्पांचे वेगवेगळे हिशेब आहेत तिथे. शिवाय संस्थांसाठीचा भाग पूर्वी त्यात आतच असायचा, आवृत्ती १४ पासून तो वेगळा ॲप म्हणून बसवावा लागतो. जुने व्हिडिओ बघून बसवणारे इथेच अडखळतात. त्या मुलाला हे जरूर विचारा, आणि त्याला नाउमेद करू नका. फॉस युनायटेड या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या व्यासपीठाचे मुंबईत मेळावे होतात, तिथे त्याला पाठवा. अशी मुलं संस्थेला रोज मिळत नाहीत. त्याला सर्व्हर बसवायला लावण्याऐवजी कोबोतून निघालेल्या आकड्यांचा मासिक अहवाल तयार करायला सांगा. तो गेला तरी फाइल मागे राहते.

गूगल आणि मायक्रोसॉफ्ट संस्थांना ज्या सवलती देतात त्या घ्याव्यात का? घ्या की. संस्थेच्या नावाचा ईमेल त्यातून फुकट मिळतो, तो तर आजच घ्या. पण ती भेट आहे, हक्क नव्हे. मायक्रोसॉफ्टने संस्थांना दिलेले बिझनेस प्रीमियम या ऑफिस-संचाचे मोफत परवाने २०२५ मध्ये काढून घ्यायला सुरुवात केली आणि माझ्या ओळखीतल्या दोन संस्थांची वर्षअखेरीस धावपळ झाली. फाइली कुठल्याही वेळी उघड्या स्वरूपात बाहेर काढता येतील अशा ठेवल्या असतील तर असा धक्का सोसतो.

किल्ल्यांचं, म्हणजे खाती आणि पासवर्ड कोणाच्या हाती आहेत याचं, आता सांगते, कारण माझ्या मते तुमच्या कामाची सुरुवात इथूनच आहे. डोमेन, ईमेलचं प्रशासक खातं, कोबोचं खातं, आयकर पोर्टल, टॅलीचा परवाना: प्रत्येकापुढे लिहा की ते कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या फोनवर आहे. मला खात्री आहे, त्यात निदान दोन ठिकाणी माजी कार्यवाहांचा किंवा एखाद्या सोडून गेलेल्या कार्यकर्तीचा नंबर निघेल. ओटीपीसाठी संस्थेच्या नावावर एक सिम घ्या, ते ऑफिसातल्या साध्या फोनमध्ये ठेवा आणि रिचार्ज चुकवू नका. पासवर्ड कीपासएक्ससी या पासवर्ड साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, तेही मुक्त आहे. त्याचा मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, नोंदणी प्रमाणपत्राशेजारी कपाटात. विश्वस्तांच्या बैठकीत हे दोन ओळींच्या ठरावाने इतिवृत्तात आणा. प्रत दर आठवड्याला बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा, ती डिस्क ऑफिसात ठेवू नका, आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत खरंच उघडते का ते पाहा. तळमजल्यावर ऑफिस असेल तर सीपीयू जमिनीवर नको. २६ जुलै २००५ नंतर मी किती संगणक चिखलातून काढलेत ते मलाच माहीत.

मुलांच्या माहितीबद्दल एवढंच: २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी. तुमच्या कपाटातल्या आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा कशासाठी आहे, याचं उत्तर ऑफिसात कोणाकडे नसेल तर नव्या गोळा करणं आधी थांबवा. जुन्या फाडण्यापूर्वी सीएला विचारा.

राहिले ते महापेच्या कंपनीकडून मिळालेले आठ जुने संगणक. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ही यंत्रं विंडोज ११ घेणार नाहीत, तरी भंगारात देऊ नका. कंपन्या बहुतेक वेळा हार्डडिस्क काढून देतात, तेव्हा नवी डिस्क, म्हणजे एसएसडी, घालावीच लागते. चार जीबी मेमरी असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मुक्त प्रणालीची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बरी चालते, आठ असेल तर छानच. लिबरऑफिस सोबत येतं, मराठी कळफलक इन्स्क्रिप्ट या सरकारी मांडणीचाही आहे आणि उच्चारानुसारीही. बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून वायफाय आणि प्रिंटर ओळखला जातो का ते बघा, विशेषतः प्रिंटर. टॅलीचा संगणक विंडोजवरच राहू द्या, त्याला नवं यंत्र घेतलं तरी चालेल. आणि पहिली दोन यंत्रं ऑफिसात न लावता दिघ्याच्या अभ्यासिकेत लावा. मी मागे एका ठिकाणी उलटं केलं होतं. ऑफिसला सवय व्हायला चार महिने गेले, अभ्यासिकेतल्या मुलांनी पहिल्याच संध्याकाळी भिंतीचं चित्र बदलून ठेवलं होतं.